फोन येईपर्यंत

यादोराव गणवीरांना बायकोच्या, मंगलाबाईंच्या ऑपरेशनच्या दिवशी घरीच ठेवायचं, हे त्यांच्या मुलीने, रश्मीने ठरवलं होतं. तिचं अगदीच चुकलं होतं असं नाही. मागच्या खेपेला मंगलाबाईंच्या पोटातली गाठ दाखवायला सगळे नागपूरच्या दवाखान्यात गेले, तेव्हा यादोराव एका जागी बसलेच नव्हते. नंबर कधी लागणार म्हणून खिडकीशी जाऊन विचारलं, पंखा का बंद म्हणून वॉर्डबॉयला विचारलं आणि शेवटी दारावरच्या गार्डशी भांडण करून आले. मंगलाबाई बाकावर डोकं धरून बसल्या होत्या.

"बाबा, तुम्ही करडीले घरीच राहा," रश्मी नागपूरहून फोनवर म्हणाली. "तुम्ही येरझाऱ्या घालता अन् आईचा बीपी वाढते. ऑपरेशन झालं की मीच फोन लावीन. तुम्ही लावू नका."

यादोराव एसटीत कंडक्टर होते. सारी नोकरी चालत्या गाडीत उभ्याने गेली. रिटायर झाल्यावर गावातली माणसं पारावर बसतात तसं त्यांना कधी बसता आलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी अंगण झाडलं. परत झाडलं. धानाची रिकामी पोती घडी करून रचली, मग ती वाकडी वाटली म्हणून पाडून पुन्हा रचली. मोबाइल खिशातून काढून बघितला. चहा केला आणि प्यायचं विसरले. मागच्या खोलीत काही काम सापडतं का म्हणून गेले, तर कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली कम्प्युटर झाकलेला दिसला.

तो जीवनचा, त्यांच्या मुलाचा. डिप्लोमाला असताना घेतलेला. जीवन पुण्याला नोकरीला लागला आणि कम्प्युटर लुगड्याखाली गेला. मंगलाबाईंनी भंगारवाल्याला द्यायची गोष्ट कितीदा काढली, पण यादोराव "राहू दे" म्हणायचे. स्वतः मात्र त्यांनी कधी त्याला हात लावला नव्हता.

त्यांनी लुगडं ओढून काढलं. धुळीने ठसका लागला. स्क्रू ड्रायव्हर आणला आणि कम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं पान उघडलं. आत धुळीचे गोळे, वायरींच्या मागे पालीची अंडी आणि पंख्याला चिकटून कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं घर. रंगाचा ब्रश घेऊन ते खाली बसले आणि साफ करत राहिले. हात चालू होते तोवर ठीक होतं. हात थांबला की नजर मोबाइलकडे जायची.

सगळं पुसून, वायरी लावून त्यांनी बटण दाबलं. पंखा घरघरला, एक हिरवा दिवा लागला आणि डबा ओरडायला लागला. लांब, थांबून थांबून, टूऽऽ, टूऽऽ. पडदा काळाच राहिला. तो आवाज त्यांना सहन होईना. दवाखान्यातल्या मशिनीसारखा वाटला. त्यांनी घाईने बटण बंद केलं आणि जीवनला फोन लावला.

"बाबा! आईचं झालं काय?" जीवनने पहिल्याच घंटीला उचलला.

"नाही रे. रश्मीचा फोन नाही आला अजून. तुझा कम्प्युटर सुरू करून राहिलो मी. बोंबलून राहिला तो."

जीवनचा हसल्यासारखा आवाज आला. "आज? आज काहून काढला तुम्ही तो?"

"मग काय करू? घरात दुसरं काम नाही उरलं."

"मीही ऑफिसात नुसता बसून हावो. सुट्टी देली नाही त्यांनी," जीवन म्हणाला. "थांबा, बाहेर येतो. कसा आवाज येते, सांगा."

यादोरावांनी टूऽऽ करून दाखवलं.

"रॅम हाय ते. पट्टीसारखी हिरवी वस्तू दिसते का आतमध्ये? उभी बसवलेली?"

"दोन हायेत."

"आधी प्लग काढा. मग पट्टीच्या दोन्ही टोकाचे खटके खाली दाबा अन् ती उचला. पिवळ्या दातांवर खोडरबर घासजा. हळू घासजा, बाबा."

यादोरावांनी फोन स्पीकरवर टाकून डब्याच्या कडेला उभा केला. खोडरबर शोधायला सगळे डबे पालथे घातले, शेवटी रश्मीच्या मुलाच्या जुन्या कंपासपेटीतलं सापडलं. पिवळे दात काळे पडले होते. ते घासता घासता चमकायला लागले, तसं यादोरावांना थोडं बरं वाटलं.

"बाबा, गाठ साधीच असेल ना?" फोनमधून जीवनने एकदम विचारलं.

"डॉक्टर तर तसंच म्हणे."

"अन् तुम्हाला काय वाटते?"

"मले काही वाटत नाही. पट्टी कोणत्या तोंडाने बसवू, थे सांग."

जीवनने सांगितलं. पट्टी बसेना, अंगठा दुखला, मग टक्कन बसली. दुसरीही बसली. यादोरावांनी बटण दाबलं. डबा एकदाच छोटासा टिक करून गप्प झाला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं धावली.

"आलं रे! काहीतरी आलं! आता थांबलं. इंग्रजीत लिहून हाय."

"त्याची बॅटरी संपली, म्हणून तारीख विसरला असेल. एफ वन दाबा. वरच्या ओळीत."

त्यांनी दाबलं. पडदा काळा झाला, निळा झाला, आणि मग हिरवी टेकडी आणि ढग दिसायला लागले. यादोराव उठून उभे राहिले.

तेवढ्यात अंगणातून शेजारच्या तेजरामची हाक आली. "यादोभाऊ! अजी यादोभाऊ!" तेजराम शेतातून तसाच थेट खोलीच्या दारात आला, पायाला चिखल, हातात कॉल चालू असलेला मोबाइल. धावल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्याचा चेहरा पाहून यादोराव दोन पावलं पुढे झाले.

"काय झालं?"

"रश्मी... केव्हाची तुमाले फोन करून राहिली. लागतच नाही. जीवनचाही लागत नाही."

लागणार कसा? बापलेकाचे दोन्ही फोन एकमेकांतच गुंतलेले होते. यादोरावांनी तेजरामच्या हातून मोबाइल ओढून घेतला.

"रश्मी?"

"बाबा, घाबरू नका," रश्मीचा आवाज रडवेला होता. "ऑपरेशन झालंच नाही. आईचा बीपी खूप चढला. डॉक्टर म्हणते, असं आत घेता येत नाही, उद्या पाहू."

"कायले चढला? मी तर नव्हतो तिथी!"

"म्हणूनच चढला. सकाळपासून एकच लावलंय तिनं. ते घरी काय करून राहिले असतील, जेवले असतील का, कोणाशी भांडले असतील का. बाबा, तुम्ही याच. ती म्हणते, बोलाव त्यांले."

यादोरावांनी चप्पल पायात सरकवली. "तेजराम, भंडाऱ्याच्या स्टँडवर सोड मले." आणि कम्प्युटर तसाच टेकडी दाखवत चालू राहिला. स्पीकरवर जीवन "बाबा? बाबा?" करत होता. त्यांनी फोन उचलून "उद्या हाय आता, आईकडे जातो" एवढंच सांगितलं आणि खिशात टाकला.

भंडाऱ्याहून नागपूरच्या बसमध्ये जागा रिकामी होती, पण ते दाराजवळच उभे राहिले. तरुण कंडक्टर म्हणाला, "काका, बसा ना." यादोराव म्हणाले, "असू दे."

वॉर्डात मंगलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. यादोराव पलंगाजवळच्या स्टुलावर बसले, लगेच उठले, सलाइनची बाटली बघितली, खिडकी उघडली, मग बंद केली.

"आले का?" मंगलाबाईंनी वळून न बघताच विचारलं.

"आलो."

"काय करून राहिले होते घरी?"

त्यांनी सांगायला सुरुवात केली. पालीची अंडी, माशीचं घर, टूऽऽ टूऽऽ, खोडरबर. सांगताना ते पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. रश्मी त्यांना थांबवायला उठली, तर मंगलाबाईंनी हातानेच तिला बसवलं. पट्टी टक्कन बसली, इथपर्यंत गोष्ट येईतो मंगलाबाईंना झोप लागली होती. नर्सने येऊन बीपी तपासला आणि "उतरला" म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत यादोराव कॉरिडॉरमध्ये चालत होते. गार्डने एकदा टोकलं, मग तोही थकला. डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "व्यवस्थित झालं." तपासणीचा रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात घरात कोणालाच धड जेवण गेलं नाही. गाठ साधी निघाली.

घरी आल्यावर मंगलाबाईंना वाकायची आणि वजन उचलायची बंदी होती. आता बसून बसून त्यांचा जीव कंटाळला. चार वेळा स्वयंपाकघरात गेल्या आणि चार वेळा रश्मीने परत आणलं. तेव्हा यादोरावांनी कम्प्युटर पुढच्या खोलीत, खिडकीजवळ मांडला आणि जीवनला विचारून त्यात चित्र काढायची पाटी उघडून दिली.

मंगलाबाईंनी माऊस धरला आणि रांगोळीचा एक ठिपका दिला. दुसरा दिला. रेघ ओढायला गेल्या, तर ती वाकडीच पळाली.

"हे काय ऐकतच नाही माझं," त्या चिडून म्हणाल्या.

"दे इकडे, मी दाखवतो." यादोरावांनी हात पुढे केला.

मंगलाबाईंनी त्यांच्या हातावर एक चापट मारली. "तुम्ही बाहेर फिरून या," म्हणाल्या, आणि रेघ पुसून पुन्हा पहिल्यापासून ठिपके मांडायला लागल्या.