हात कानावर गेला

मी सुंदरबाईंच्या कानातलं मशीन बोलतंय. मोठ्यानंच बोलणार. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकवलं, माझं कुणी ऐकलं नाही.

कुठल्याशा कारखान्यात मला जोडलं. पण माझा खरा जन्म धुळ्याच्या दवाखान्यात, बाईंच्या उजव्या कानात झाला. डावा गेलेलाच होता. "हाही फार दिवस टिकणार नाही," डॉक्टर त्यांच्या मुलाला, हेमराजला, हळूच म्हणाले. बाईंना मी ऐकवलेलं पहिलं वाक्य तेच.

बाई नरडाण्याच्या. शेंगा फोडता फोडता रेडिओवरून गाणं शिकल्या. गुरू नाही, शाळा नाही. गाताना डोळे मिटायच्या, उजवा हात कानावर ठेवायच्या. मैफलीला मात्र कधी कुणी नेलं नव्हतं.

"एक राग बठ्ठा आयकना शे माले," अख्खा राग ऐकायचा त्यांनी हट्ट धरला. "मंग जाऊ दे कान."

जळगावला मैफल होती. बाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, माझ्यात नवा सेल घातला. "आई, मोठ्यानं वाहवा करू नका हं," सून दिपमालानं बजावलं. "पुढची रांग आहे."

यमन सुरू झाला. आधी मी ऐकवला मागच्याचा खोकला, वेफर्सची पिशवी, कुणाच्या तरी प्लॉटचा भाव. तिकीट काढून गप्पा मारायला येतात माणसं! मग गायिकेनं निषाद लावला, आणि बाईंचा हात सवयीनं कानावर गेला.

माझ्यावर हात आला की मी शिट्टी मारतं. आमची जातच तशी.

गायिका थांबली. "मोबाईल बंद करा कुणीतरी!"

पुन्हा आलाप, पुन्हा हात, पुन्हा शिट्टी. हॉल हसला. हेमराजनं मला कानातून ओढलं.

"दे ना रे," बाई म्हणाल्या. "हात मांडीखाले दाबी ठेवसू."

"लोक बघताहेत, आई!" हे त्यांना ऐकूच गेलं नाही. मी दिपमालाच्या पर्समध्ये होतं.

चाव्या-रुमालात पडून अख्खा यमन मीच ऐकला. काय करू त्याचं? बाई शेवटपर्यंत हात मांडीखाली घेऊन बसल्या होत्या, हे दिपमालानं घरी हसत हसत सांगितलं.

पावसाळा संपेस्तोवर उजवा कानही गेला. आता मी डबीत.

बाबांनो, भर मैफलीत एखाद्या म्हातारीच्या कानात शिट्टी वाजली, तर वाजू द्या. गायिका आलाप पुन्हा घेईल.

बाई अजून शेंगा फोडताना गातात. सूर घसरतो, त्यांना कळत नाही. हात कानावर जातो, आणि आता कुणाचीच अडचण होत नाही.