लवंगेच्या तेलाचा भरवसा

पाळणाघरातल्या मुलांचे जेवण रांधून पाठवणाऱ्या मावशींचा फ्रिज संध्याकाळी बंद पडला, आणि शिजवलेली कोंबडी रात्रभर ओट्यावरच राहिली. सकाळी झाकण काढताच किंचित आंबूस वास आला. एवढे अन्न फेकून देणे मावशींच्या जिवावर आले. प्रयोगशाळेत काम करणारी नणंद एकदा जेवताना बोलली होती, लवंगेचे तेल अन्नातले जंतू मारते म्हणून. मावशींनी तेलाचे थेंब टाकले, पुन्हा उकळी आणली. काय घमघमाट सुटला! लेकीला वाटीभर वाढून त्यांनी डबे रवाना केले.

दुपार व्हायच्या आत लेक ओकू लागली. ओठ पांढरेफटक, हातपाय गार. मावशींनी हाक मारली. नणंद आतून धावत आली.

"वहिनी, हिनं काय खाल्लं?"

मावशींनी चाचरत सगळे सांगितले.

"अगं, आम्ही तेल काचेच्या बशीत नुसत्या जंतूंवर घालतो! रश्शात ते चरबीत मुरतं, जोर उरत नाही. जंतू मरतील इतकं घातलं, तर घास तोंडात धरवणार नाही. आणि जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. तू फक्त वास झाकलास!" बोलता बोलता ती थबकली. "डबे गेले?"

मावशींनी पाळणाघरात फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. एक विचार मनात डोकावलाच, गप्प बसले तर? सांगितले तर उद्यापासून कोण डबा घेईल? एवढ्यात लेक कण्हली आणि मावशींना स्वतःचीच भीती वाटली.

"मी हिला दवाखान्यात नेते. तू पळ!" नणंद म्हणाली.

मावशी धावत सुटल्या. चप्पल कुठे निसटली, कळलेही नाही. पाळणाघराच्या दारातूनच त्या ओरडल्या, "थांबा! कुणी खाऊ नका!"

चमचे हवेत थांबले. दोन मुलींनी मात्र खायला सुरुवात केली होती.

"काय झालं?" संचालिकाबाईंनी विचारले.

"अन्न खराब आहे. मला सकाळीच वास आला होता, तरी पाठवलं."

त्या दोघींनाही उलट्या झाल्या. सलाईन लागले. त्यांच्या आईबापांसमोर मावशी मान खाली घालून बसून राहिल्या. लेक आणि त्या दोघी, तिन्ही मुली बऱ्या होऊन घरी जाईपर्यंत मावशी दवाखान्यातून हलल्या नाहीत.

"मीही अर्धंच सांगितलं होतं," नणंद हळूच म्हणाली.

"तू अर्धं सांगितलंस. मी सोयीचं तेवढंच ऐकलं."

तेव्हापासून जराशी शंका आली तरी मावशी अन्न सरळ टाकून देतात आणि त्या दिवशी डबा उशिरा येईल, असे कळवतात.

वाचकहो, तेल झाडापानांचे आहे म्हणून ते आपल्या हलगर्जीपणाला माफ करत नाही. हात धुणे, अन्न नीट शिजवणे, थंड ठेवणे, यांना पर्याय कुठल्याच बाटलीत नाही. सुगंधावर विसंबून आपण दुसऱ्याचे लेकरू पणाला लावतो!