घोड्याच्या पोटातला ठोका

ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आमच्या धंद्यात घोडा म्हणतात, आणि जुना घोडा घ्यायचा असला की लोक मला सोबत नेतात. मला कानवाले म्हणतात. लाकडी मुठीची लांब सळई चालू इंजिनाला टेकवायची, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं सांगायचं, एवढाच माझा उद्योग. बाकीचे रंग बघतात, टायर बघतात आणि मग कपाळाला हात लावून बसतात.

त्या दिवशी गिऱ्हाईक घरचंच होतं, माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा. मेव्हणा जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालवत आला होता. आता स्वतःची घ्यायची म्हणून दोघांनी राहतं घर विकायला काढलं होतं. राहणार कुठे, तर केबिनमध्ये मागे पलंग असतो, त्यावर. मला कळलं तेव्हा सगळं ठरूनही गेलं होतं. थोरल्या भावाला साधं विचारलं नाही, म्हणून मी आतून चांगलाच फुगलो होतो. संध्याकाळी घराच्या कागदांवर सह्या होत्या, आणि त्या माझ्या होकारावर अडल्या होत्या.

आणि मला ऐकू येत नव्हतं. डावा कान केव्हाच बंद पडला होता, उजवा समोरच्या माणसाच्या बोलण्यापुरता उरला होता. चालू इंजिनाशेजारी उभं राहिलं की नुसती घूं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बहिऱ्या कानवाल्याला कोण विचारणार?

गाडी विकणारा इतकं गोड बोलत होता, की मी मनातल्या मनात त्याचं नाव साखऱ्या ठेवलं. बहीण आधी केबिनमध्ये चढली आणि सोबत आणलेलं कापड लावून पडद्याचं माप घेऊन आली. मग साखऱ्याने केबिन पुढे कलवून इंजिन उघडं केलं. मी हात लावला. कोमट.

"गार ठेवा म्हणून सांगितलं होतं," मी म्हणालो. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होतं, तेव्हाच त्याची खोड कळते.

"सकाळी जरा बाजूला घेतली हो. मागची गाडी अडकली होती."

तेलाची दांडी ओढून पाहिली. तेल नवं आणि काकवीसारखं जाड. आतला खडखडाट झाकायला असं जाड तेल घालतात. पण घालणारा प्रत्येक जण चोरच असतो असंही नाही. नुसत्या संशयावर मी बहिणीला काय सांगणार होतो?

साखऱ्याने इंजिनाशेजारच्याच बटणाने ते चालू केलं. मी सळई खाली तेलाच्या चेंबरला टेकवली, मूठ उजव्या कानाला लावली. घूं. जागा बदलली. पुन्हा घूं. ऐकू न येणारा माणूस मान फार डोलावतो, तशी माझी मान सवयीने डोलायला लागली. ते बघून मेव्हण्याचा चेहरा उजळला आणि सह्यांना येतो म्हणून कळवायला त्याने खिशातून फोन काढला. बहिणीने पडद्याच्या कापडाची घडी छातीशी धरली.

मला भीती वाटली. माझ्या नावाची नाही, त्या कापडाची.

घरी एकदा पंखा दुरुस्त करताना हात मोकळे नव्हते, म्हणून ही सळई मी दातात धरली होती. मोटारीची गुरगुर थेट डोक्यात ऐकू आली होती. पण चारचौघांत तसं करणं म्हणजे आपल्या हाताने दुकान बंद करणं. मी मूठ दातात धरली आणि साखऱ्याला इंजिनाचा वेग वाढवून एकदम सोडायची खूण केली.

सोडल्यावर ठोका आला. जबड्यातून वर, जड, एकामागून एक. खाली क्रँकचं बेरिंग संपलं होतं.

"बंद करा," मी म्हणालो. "दाजी, ही घ्यायची नाही. बेरिंग गेलंय. भरल्या मालाने चढ लागला की इंजिन फुटेल."

साखऱ्या हसला. "दातांनी कळलं होय? कानवाले, कानाला काय झालं?" मग तो मेव्हण्याकडे वळला. "यांना ऐकू येत नाही हो. बहिऱ्या माणसाच्या शब्दावर गाडी सोडता?"

मेव्हणा माझ्याकडे बघतच राहिला. "दादा, खरं आहे हे?"

"खरं आहे."

"मग ठोका तरी खरा कशावरून?" त्याला ती गाडी फार हवी होती.

तेवढ्यात बहिणीने माझ्या हातातून सळई काढून घेतली, मूठ त्या कापडाने पुसली आणि दातात धरली. साखऱ्या म्हणाला, "वहिनी, हे काय." तिने इंजिनाकडे बोट दाखवलं. त्याने चालू केलं. मी सळईचं टोक जागेवर धरलं. इंजिन वाढलं, सुटलं, आणि तिने डोळे घट्ट मिटले.

"घ्या," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्हीच बघा."

मेव्हण्याने दातात धरली आणि लागेल त्याहून कितीतरी जास्त वेळ तो तसाच वाकून राहिला. मग त्यानेच इंजिन बंद केलं. फोन खिशात घातला आणि फाटकाकडे चालू लागला.

त्याच्या मागून आम्ही दोघं निघालो. बहीण नेहमीसारखी माझ्या डाव्या बाजूने चालत होती. मी मान डोलावली. ती थांबली, वळसा घालून उजवीकडे आली.

"मी काही बोललेच नव्हते, दादा."

तिने कापडाची घडी काखेत मारली.

"गेल्या महिन्यात तुझ्याकडे आले होते. जेवताना शेजारी बसून विचारलं, घर विकू का. तेव्हाही तू अशीच मान डोलावली होतीस."

ती कुठल्या बाजूला बसली होती, ते मला आठवलं. मी मान हलवली नाही.

"आता विचार," म्हणालो.