डावा मॅग्नेटो

चालत्या गाड्याला खीळ घालणारा माणूस कुणालाच आवडत नाही. आमच्या हँगरमध्ये ती खीळ मी घातली, त्यामुळे महिनाभर माझ्याशी लोक चहापुरतंच बोलत होते. बोलू देत नाहीतर न बोलू देत. मला काम करायचं होतं.

चिकलठाण्याच्या विमानतळाच्या एका कडेला आमची उड्डाणशाळा आहे. दोन लहान विमानं, पुढे एकेक पंखा, आणि शिकायला येणारी पोरंपोरी. मी तिथली परवाना असलेली इंजिनिअर. विमान उडण्याजोगं आहे अशी सही माझी असते. कडूबाकाका तिथले सगळ्यांत जुने मेकॅनिक, शेंद्र्याचे. पाना कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं. अजूनही माझ्या सहीपेक्षा काकांनी मान हलवली की वैमानिकांना जास्त बरं वाटतं. याचा मला राग येत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मॅग्नेटो म्हणजे इंजिनावर बसवलेली, स्वतःची वीज स्वतःच तयार करणारी पेटी. तिला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरलं की ती फिरते आणि ठिणगी पाडते. एका इंजिनावर अशा दोन असतात, डावी आणि उजवी, म्हणजे एक रुसली तरी दुसरीवर घरी येता येतं. त्यातल्या डाव्या मॅग्नेटोत एक स्प्रिंग असते. पंखा अगदी सावकाश फिरवला तरी ती 'टक्' करून उसळते आणि ठिणगी जोरात पडते. इंजिन सुरू करायला ती उपयोगी, आणि पंख्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला तीच घातक.

सकाळच्या पहिल्या उड्डाणाआधी पंखा हाताने चार वेळा फिरवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. रात्रभर खाली बसलेलं तेल सुटतं म्हणतात. सहा वर्षांपूर्वी काका असाच पंखा फिरवत होते. किल्ली बंद होती. पण किल्लीपासून डाव्या मॅग्नेटोकडे जाणारी तार आतल्या आत तुटली होती, आणि ती तुटली की किल्ली बंद केल्याचं मॅग्नेटोला कळतच नाही. स्प्रिंग उसळली, इंजिनाने एक ठोका दिला आणि पंख्याच्या पात्याने काकांचा उजवा हात दोन जागी मोडला.

हात जुळला. पण त्या दिवसापासून काकांनी पंख्याला बोट लावलं नाही. सकाळी पंखा फिरवायची वेळ आली की त्यांना बरोबर त्याच वेळी हत्यारांची पेटी आवरायची असायची. पुढून जायची वेळ आली तर ते दहा पावलं लांबून जायचे. आमचा शिवम, हाताखालचा मेकॅनिक, कामाला वाघ पण जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, "काकांनी पंख्याला देव मानलंय, प्रदक्षिणा घालत्यात." सगळे हसायचे. काकाही हसायचे, आणि ते हसणं मला बघवत नसे.

या वर्षी मार्चमध्ये ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"करुणा, मे संपला की मी रिटायर."

"माहिती आहे, काका."

"जायच्या आधी एकदा पंख्याला हात लावायचाय. भित्रा म्हणून घरी जायचं नाय मला." ते जरा थांबले. "पन त्यो डावा तिथं बसल्याला हाय तोवर माझा हात वर जात नाय. लई येळा बगितलं करून. तू काढ त्याला."

त्याआधी वर्षभर मी मॅग्नेटोच्या जागी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या पेटीबद्दल वाचत होतेच. या पेटीला बॅटरीची वीज लागते. बॅटरी सोडवली की ती ठिणगी पाडूच शकत नाही, मग पंखा कितीही फिरवा. डावीकडे ही बसवायची आणि उजवा मॅग्नेटो तसाच ठेवायचा. उजव्यात स्प्रिंग नसते, हाताच्या वेगाने तो ठिणगी पाडत नाही म्हटलं तरी चालेल. 'म्हटलं तरी चालेल' हे शब्द मी काकांना नीट सांगितले. ते म्हणाले, "तेवढं भ्या ठिवतो की. सगळंच कोन मागतंय?"

नानासाहेब आमचे प्रमुख, जुने वैमानिक. त्यांना मी उन्हाळ्याचं कारण दिलं, आणि ते खरंही होतं. एप्रिल-मेच्या उन्हात गरम इंजिन पुन्हा सुरू करताना आमच्या विद्यार्थ्यांचा घाम निघतो. काकांचं कारण मी त्यांना सांगितलं नाही. ते माझं नव्हतं.

"शंभर वर्षं मॅग्नेटोवर जग उडतंय," नानासाहेब म्हणाले.

"बैलगाडीवर त्याहून जास्त वर्षं चाललं, सर."

त्यांना ते आवडलं नाही, पण परवानगीचे कागद त्यांनी विमान वाहतूक खात्याकडे पाठवले. एका विमानापुरते, आणि एका अटीवर. काही बिघडलं तर जुना मॅग्नेटो परत जाग्यावर.

परवानगी आली, पेटी आली, आणि मे उजाडला. काकांनी डावा मॅग्नेटो स्वतः सोडवला. चार बोल्ट काढायला त्यांनी अर्धी सकाळ घेतली, इतके ते जपून होते. काढल्यावर तो टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायले.

आता आमच्या चुकीविषयी. ही चूक दुसऱ्या कुठल्या हँगरात झाली नसती.

मॅग्नेटो बसवताना पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडा आधी इंजिन थांबवावं लागतं. ती जागा दाखवायला पंख्यामागच्या दातेरी चक्रावर बारीक रेघ असते. बारीक म्हणजे म्हाताऱ्याला दिसणार नाही आणि तरुणाला दिसून कळणार नाही अशी. म्हणून आमच्याकडे दरवर्षी खंडेनवमीला, हत्यारांना हळदकुंकू वाहून झालं की, काका त्या रेघेवर लाल रंगाचा ठिपका देतात. त्यांच्या उस्तादाने सुरू केलेलं हे. आमच्या हँगरात लाल ठिपका म्हणजे इंजिनाची वेळ, विषय संपला. मीही तेच शिकले.

नव्या पेटीचं तसं नाही. तिला पिस्टन अगदी वर असताना बसवायचं, आधी कधी ठिणगी पाडायची ते ती स्वतः ठरवते. पुस्तकातली ती ओळ मी मोठ्याने वाचली. काकांनी "व्हय" म्हटलं. प्लग काढून ठेवले होते, ठिणगी पडायला जागाच नव्हती, तरी पंखा शिवम फिरवत होता आणि काका बाजूने चक्राकडे बघत होते. ठिपका समोर आला. "थांब," काका म्हणाले. मी वाकून पाहिलं, लाल दिसलं आणि म्हणाले, "बरोबर." वाचलेलं एकीकडे राहिलं आणि हाताने नेहमीचं केलं. दोघांनीही.

दुपारी मी आत बसून किल्ली फिरवली. पंखा अर्धा फिरला आणि धाडकन उलटा आला. विमान हादरलं, पुढून काहीतरी तडकल्याचा आवाज आला. मी सगळं बंद करून खाली उतरले. काका भिंतीला टेकून खाली बसले होते. डाव्या हाताने त्यांनी उजवं कोपर घट्ट धरलं होतं. पंख्याजवळ कोणी नव्हतं, कुणाला काही लागलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा लागलेल्या माणसाचा होता.

"बगितलंस?" ते म्हणाले. "त्यो सोडत नाय."

मला राग आला. भीतीचाच राग होता तो. "काका, तो टेबलावर पडलाय. तिकडं बघा."

"मंग लाथ कोनी मारली?"

मी पुस्तक घेऊन पंख्यापुढे फरशीवर बसले आणि पहिल्या ओळीपासून एकेक शब्द वाचत, एकेक वस्तू बोटाने शिवत गेले. पिस्टन अगदी वर. मी मान वर करून चक्राकडे पाहिलं. आमचा लाल ठिपका तिथे होता आणि पिस्टन वर पोचायला अजून बराच अवकाश होता. पेटी तिच्या हिशेबाने बरोबर चालली होती, आम्ही तिला चुकीच्या वेळी कामाला जुंपलं होतं. पिस्टन वर येत असतानाच ठिणगी पडली आणि त्याने पंख्याला उलटं ढकललं.

"आपणच मारली, काका," मी म्हणाले, आणि ठिपका दाखवला.

काकांनी वाकून पाहिलं. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "दर साली म्याच रंगवितो की त्याला."

नानासाहेब तोवर येऊन पोचले होते. स्टार्टरचं कवच तडकलेलं त्यांनी पाहिलं. "जुना बसवा. उद्यापासून."

"नाही बसवणार, सर."

"अट काय होती?"

"पेटी बिघडली तर, अशी अट होती. पेटी बिघडलेली नाही. मी चुकले. माझ्या सहीखाली चुकले, आणि तसं मी आजच वर कळवणार आहे. माझ्या परवान्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. पण चूक माझी आणि शिक्षा पेटीला, असं मी होऊ देणार नाही."

नानासाहेबांनी तडकलेल्या कवचावरून बोट फिरवलं. ते म्हणाले, "आणि पुन्हा लाथ बसली तर?"

काका भिंतीला धरून उठले. "तर मी सोता जुना बसवीन. पन आता नाय बसायची. आमाला कळलं कुठं चुकलो."

नानासाहेबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि "सगळं तपासल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही," एवढं म्हणून गेले. तो होकार होता. त्यांचा होकार असाच येतो.

मी त्याच संध्याकाळी कळवलं. वरून खरमरीत उत्तर आलं, पुन्हा असं झालं तर परवाना राहणार नाही असं. ते मी मुकाट्याने वाचलं, कारण मीही तेच लिहिलं असतं. मग स्टार्टर बदलला. पंखा, त्याचा दांडा, दाते, जे जे पुस्तकात सांगितलं होतं ते सगळं तपासलं. शिवम कुरकुरला, "ताई, इतकं कोण करतंय?" मी म्हणाले, "आपण." लाल ठिपका पुसता येत नव्हता, उजव्या मॅग्नेटोला तो लागतोच. म्हणून पिस्टन अगदी वर असतानाच्या रेघेवर दुसरा ठिपका द्यायचा ठरलं. भीमजयंतीच्या कमानीचा उरलेला निळा रंग माझ्या घरी होता, तो आणला.

"निळाच कामून?" काका म्हणाले.

"डबा फुकटचा आहे म्हणून."

"मला वाटलं तू आता हँगरबी निळं करतीस का काय," म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या हाताने तो निळा ठिपका दिला, लालपेक्षा गोल.

पेटी पुन्हा बसवली. या वेळी मी वाचलं, काकांनी पाहिलं, मग काकांनी वाचलं आणि मी पाहिलं. किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं, भर दुपारी, गरम असताना. नानासाहेबांनी स्वतः विमान वर नेलं, तासभर फिरवलं, उतरल्यावर म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे आरतीच.

मेच्या शेवटच्या दिवशी काका ऊन चढायच्या आत आले. इस्त्रीचा शर्ट होता, घरी द्वारकाकाकूंनी जबरदस्तीने घालायला लावलेला. मी बॅटरी सोडवून ठेवली होती. उजव्या मॅग्नेटोची तार आदल्या दिवशी त्यांनीच तपासली होती.

"किल्ली?"

"माझ्याकडं."

"दाव."

मी दाखवली. ते पंख्यापुढे आले. हात वर गेला आणि अर्ध्यात थांबला. मला वाटलं, आता ते हत्यारांच्या पेटीकडे वळतील. वळले नाहीत. तळहात पात्यावर ठेवला, डोळे उघडे ठेवले आणि खाली ओढला. पंखा फिरला. 'टक्' झालं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा ओढला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा ओढून हात तसाच पात्यावर ठेवून उभे राहिले. मी रडत होते आणि पुसतही नव्हते.

"सहा वर्सं," ते म्हणाले, "घरून निघालं की आधी हात दुखायचा, मंग गेट दिसायचं."

शिवम पुढे आला. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण सवय जाते कुठे. शेजारच्या दुसऱ्या विमानाकडे बोट करून म्हणाला, "आता त्यालाबी लावा की हात, काका."

काकांनी त्या विमानाकडे पाहिलं. "नाय."

"अजून भ्या वाटतं?"

"वाटतं. त्याच्यात डावा तसाच हाय." काकांनी इस्त्रीची बाही कोपराच्या वर सारली, शिवमचा हात धरला आणि त्याची बोटं जिथे हाड वाकडं जुळलं होतं तिथे दाबून ठेवली. "रोज सकाळी तू फिरवितोस त्याला. शीळ वाजवीत. ही भीती मी घरी नेनार नाय, शिवम. तुला देऊन चाललोय. त्यो डावा निघंस्तोवर संभाळ."

शिवमने काकांच्या हातावरची बोटं काढली नाहीत, आणि हळूच "हो काका" एवढंच म्हणाला.