तुटलेल्या तारेची दुपार

मी एक तबकडी बोलतेय. काळी, गोल, मधोमध भोक. माझ्या दोन्ही अंगांवर मिळून नऊ गाणी आहेत आणि साडेचार मिनिटांचा एक गोंधळ. खरं सांगू? मला त्या गोंधळाचीच जास्त ऐट आहे.

ज्यांच्या गिटारीतून मी जन्मले, त्यांना मी बाबा म्हणते. वय सत्तर. ब्लूज आणि रॉक वाजवण्यात त्यांची हयात गेली. स्पीकर माणसापेक्षा उंच! लोक कौतुकानं त्यांना 'गडगडाट' म्हणत. पुढे कानांनी कुरकुर सुरू केली. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "वाजवा खुशाल, पण हळू."

बाबा महिनाभर फुगून बसले. "हळू वाजवायला मी काय बाळं झोपवतो?"

आई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "मग ती साधी लाकडी गिटार काढा. वीज नको, स्पीकर नकोत. ऐकू येईल इतक्या जवळ बसवू लोकांना."

तसंच झालं. वाचनालयाचा हॉल, दीडशे खुर्च्या, दुपारी तीनची वेळ. रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी दोन माइक बाबांपुढे लावले, दोन लोकांकडे वळवले. इतकी वर्षं ते आवाजाच्या भिंतीमागे उभे असत, आज प्रत्येक बोट उघडं पडलं होतं. पहिल्या दोन गाण्यांत एकदोन सूर घसरले. ते माझ्यावर तसेच आहेत.

तिसरं गाणं ऐन रंगात आलं आणि तार तुटली. टण्ण!

"थांबा हं, हिची समजूत काढतो," बाबा हसून म्हणाले, पण चेहरा उतरला होता. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून ठेका ऐकू आला. कुणीतरी खुर्चीच्या पाठीवर तळहातांनी वाजवत होतं. गाणं जिथं थांबलं होतं, बरोबर तिथून.

बाबांचे हात थबकले. वर न बघताच त्यांनी ओळखलं. तो माझा काका होता, बाबांचा धाकटा भाऊ. तीस वर्षं तो त्यांच्याच बँडमध्ये ड्रम वाजवत होता. नऊ वर्षांपूर्वी "तुझ्या गडगडाटात माझं कुणाला ऐकू येतंय?" म्हणून भर दौऱ्यातून निघून गेला. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. आईनं गुपचूप फोन करून त्याला बोलावलं होतं, हे बाबांच्या गावीही नव्हतं.

लोकांनी टाळ्यांनी ठेका उचलला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी गाण्याची ओळ धरली आणि बघता बघता अख्खा हॉल गाऊ लागला. बाबा नवी तार ओवत होते, खुंटी पिळत होते आणि नाक ओढत होते.

"दादा, आवर की! हात भरून आले माझे," काका मागून ओरडला.

"मग पुढे ये ना! तिथून काय वाजवतोस?"

काका खुर्ची उचलूनच पुढे आला. तिसरं गाणं पुरं झालं आणि उरलेली सहाही दोघांनी मिळूनच वाजवली. काकाचा तळहात खुर्चीवर नुसता टेकला तरी ऐकू येत होता.

पुढे ती दुपार तबकडीवर उतरवताना बाईंनी विचारलं, "तो तार बदलण्याचा भाग कापू ना? तुमचं नाक ओढणंसुद्धा आलंय."

"बाकी हवं ते काप," बाबा म्हणाले, "त्याला हात लावू नकोस."

माझ्यासारख्या पुष्कळ निघाल्या, पण सगळ्यांत पहिली मी. मी काकाच्या घरी असते. माझ्या वेष्टनाचे कोपरे झिजलेत, पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. दर रविवारी आईबाबा येतात, मला लावतात आणि दोघे भाऊ भांडायला बसतात.

"इथं तू घाई केलीस."

"मी? तूच रेंगाळलास!"

आई शांतपणे सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवते.

गेल्या रविवारी रेकॉर्डिंगवाल्या बाई माइकची पेटी घेऊन याच खोलीत आल्या. पडदे काढले, गालिचा गुंडाळला, टाळी वाजवून आवाज कसा घुमतो ते तपासलं. "इथंच करू या पुढची तबकडी," म्हणाल्या.

म्हणून घरातल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. फळीवर माझ्या शेजारी जुनी मासिकं कोंबू नका. ती जागा मोकळी ठेवा. मी ताई होणार आहे.