स्वच्छ रिपोर्ट

"रणोजीराव, रक्त सगळीकडे नीट पोचतंय," डॉक्टर म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला. रणोजीराव म्हणजे माझे अप्पा; ते तर उठून चालूच लागले.

महिनाभर त्यांच्या छातीत कळ येत होती. ट्रेडमिलवर चढताच भोवळ आली, म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या फुलवणारं इंजेक्शन देऊन, मग किरणोत्सारी औषध टोचून स्कॅन केला. रक्त कमी पडतं तो भाग पडद्यावर काळा दिसतो. अप्पांचं हृदय सगळीकडून उजळलं होतं.

मी रिपोर्ट घेऊन बाहेर आले. हॉस्पिटलच्या तळघरात, स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर आई थर्मासमधून काहीतरी ओतून घेत होती. वास आला तशी मी थर्मासपाशी वाकले.

"आई, हे काय?"

"डिकॉक्शन. अप्पांना गोळी पाण्याबरोबर कुठे जाते? सकाळी पेलाभर ह्याच्यावरच दिली."

"कॉफी नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं ना!"

"अय्यो, दूध कुठे घातलं होतं? बिनदुधाची कसली गं कॉफी?"

तो थर्मास तिथेच आपटावासा वाटला. कॉफी पोटात असली तर ते इंजेक्शन लागूच पडत नाही. जिथे काळं दिसायला हवं, तिथेही उजेड दिसतो. माझ्या हातातल्या कागदाला काही अर्थ उरला नव्हता.

"अप्पा कुठायत?"

"खूष आहेत," आई हसली. "लिफ्ट नको म्हणाले. जिन्यानं गेलेत वर, चौथ्या मजल्यावर, डोसा खायला."