पुरळ कशाकशामुळे?

मी एक हॅश टेबल आहे. घाबरू नका, नावच तेवढं अवघड. नाव लिहिलेले कप्पे, एवढाच माझा संसार. नाव सांगा, त्यातला माल मी क्षणात काढून देतो.

पुसदला सुरभीच्या लॅपटॉपमध्ये माझा जन्म झाला. तिची वर्षाची लेक खुशी. काही खाल्लं की कधीकधी तिच्या अंगावर पुरळ उठायचं. कॉलेजात शिकलेलं प्रोग्रामिंग आता गंजलंय, असं सुरभीच म्हणायची. तरी एका हातानं खुशीला थोपटत तिनं मला लिहिलं. कप्प्यावर पदार्थाचं नाव, आत त्याचा परिणाम. 'केळं' म्हटलं की मी 'शांत झोप' म्हणायचो.

संक्रांत आली. खुशीची लूट ठरली. बाळाच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, रेवड्या, शेंगदाणे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. खुशी तर हाताला लागेल ते तोंडात घालणार! तेव्हा सुरभीनं मला उलटं विचारलं, "पुरळ कशामुळे?"

उलटं मला पटकन येत नाही हो. मालावरून नाव सांगायचं तर एकेक कप्पा उघडत जावं लागतं. तिनं तसं लिहिलं, पण पहिलं नाव सापडताच थांब, असंही लिहिलं. मी 'शेंगदाणा' म्हणालो आणि थांबलो. दुसरं नाव पोटातच राहिलं; न विचारता बोलायची मला सोय नाही.

शेंगदाणे बाजूला झाले. सासूबाई विमलताई परातीत रेवड्या ओतू लागल्या.

"थांबा आई," सुरभी म्हणाली. "मले माह्यावरच भरोसा नाही. एक डाव अजून पाहतो."

"आता काय काढून राह्यली वं बाप्पा? बाया आल्या नं!"

तिनं थांबायचा हुकूम खोडला. मी शेवटच्या कप्प्यापर्यंत गेलो. शेंगदाणा. तीळ.

"रेवड्याबी नाही, आई."

"संक्रांतीत तीळ नाही? लोकं हासतीन नं!"

"हासू द्या. खाजवून खाजवून रडन ते आपली खुशी."

विमलताईंनी परात उचलली. मग रेवड्या डब्यात परत गेल्या. "मंग मुरमुरे तरी जास्त घे," एवढंच म्हणाल्या. त्या मुरमुऱ्यांखाली खुशी खिदळत बसली.

आता माझ्या शेजारी एक धाकटं टेबल राहतं. त्याच्या कप्प्यावर 'पुरळ', आत सगळी नावं. नवा पदार्थ भरवला की सुरभी दोघांतही लिहिते आणि तरीही एकदा तपासते.

तुम्हीही मला कधी उलटं विचाराल. जरूर विचारा, मी सावकाश सांगेन. फक्त एका नावावर उठून जाऊ नका. त्याच्यामागे दुसरं उभं असेल, आणि ते हाक मारल्याशिवाय पुढे येत नाही.